'तरीही इन्स्टॉल करा' हा सल्ला मागे घ्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातला मोबाइलविषयीच्या प्रश्नोत्तरांचा स्तंभ मी नेमाने वाचतो. गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं की, एका ठिकाणच्या वाय-फायला जोडल्यावर सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारं डिजिटल प्रमाणपत्र) बसवायला सांगतात आणि बसवायला गेलं की फोन मोठा इशारा दाखवतो, तर काय करावं? उत्तर तीन ओळींचं होतं. फाइल उतरवून घ्या, सेटिंग्जमध्ये जाऊन बसवा, इशारा नेहमीचाच असतो, 'तरीही इन्स्टॉल करा' दाबा. हे पत्र त्या तीन ओळींबद्दल आहे. ते लांबणार आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर मधून लावावी, शेवटी तपासणीच्या पायऱ्या दिल्या आहेत तेवढ्या राहू द्याव्यात.

मी संगणकातला माणूस नाही. तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ड्राफ्टच्या टेबलावर आणि स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात. तरी लिहितोय, कारण हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी मी स्वतः मुकाट्याने मानला होता.

निवृत्तीनंतर एका संस्थेचे हिशेब तपासायला काही महिने जात होतो. तिथल्या वाय-फायसाठी मदतकक्षातल्या मुलाने एक फाइल दिली. फोनने इशारा दिला, मी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याने सांगितलं ते बटण दाबलं. त्या दिवसापासून ब्राउझर उत्तम चालत होता. ईमेल, बातम्या, सगळ्या साइट उघडत होत्या, पत्त्याशेजारी कुलूपही दिसत होतं. फक्त माझ्या बँकेचं ॲप उघडेना. 'सर्व्हरशी संपर्क होत नाही', एवढंच म्हणायचं. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर आलो की पुन्हा सुरळीत. मदतकक्षाचं निदान होतं, ॲप खराब आहे, काढून परत टाका. मी दोनदा काढून परत टाकलं, दोनदा नव्याने नोंदणी केली आणि दोन्ही वेळा बँकेला शिव्या घातल्या.

माझा भाचा ॲप लिहिण्याचं काम करतो. त्याला सांगितलं तर हसला. "मामा, ॲप खराब नाही. तुमच्या फोनमध्ये तेवढं एक ॲपच शुद्धीवर आहे." मग म्हणाला, त्या वाय-फायवर असताना ईमेलची साइट उघडा, पत्त्याशेजारच्या कुलपावर बोट ठेवा आणि प्रमाणपत्र कोणी दिलंय ते वाचा. वाचलं. माझ्या ईमेलच्या साइटचं प्रमाणपत्र दिलं होतं त्या संस्थेनेच, जिचे हिशेब मी तपासत होतो. बातम्यांच्या साइटचंही. सगळ्यांचंच. म्हणजे माझा फोन ईमेलच्या सर्व्हरशी बोलतच नव्हता. तो मध्ये बसलेल्या एका यंत्राशी बोलत होता. ते यंत्र प्रत्येक साइटचं नाव लावून स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र दाखवत होतं, आतला मजकूर उघडून वाचत होतं आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवत होतं. आणि माझा ब्राउझर त्या सहीला खरी मानत होता, कारण तशी मुभा मीच दिली होती.

इथे मला माझं जुनं टेबल आठवलं. दुसऱ्या शाखेचा ड्राफ्ट पैसे द्यायला आला की त्यावरची सही आम्ही नमुना सह्यांच्या पुस्तकाशी ताडून बघायचो. ज्याने सही केली त्याला मी आयुष्यात पाहिलेलं नसायचं. तो प्रामाणिक आहे की नाही, हेही मला माहीत नसायचं. पुस्तकात सही आहे आणि ती जुळते, एवढ्यावर पैसे मोकळे व्हायचे. म्हणून ते पुस्तक रोकड ठेवावी तसं कुलपात असायचं. नवी पानं मुख्य कार्यालयाकडून यायची, निवृत्त अधिकाऱ्यांच्या सह्या परिपत्रक बघून खोडल्या जायच्या, आणि खिडकीवर आलेल्या माणसाने 'ही एवढी एक सही चिकटवून घ्या' म्हटलं असतं तर शिपायानेसुद्धा त्याला बाहेर काढलं असतं.

फोनमध्ये अगदी असंच पुस्तक असतं. साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर एका मधल्या संस्थेची सही असते, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर मूळ संस्थेची, आणि ती मूळ सही पुस्तकात सापडली तर ब्राउझर साइट बिनतक्रार उघडतो. अँड्रॉइडवर हे पुस्तक आपल्याला चाळताही येतं. 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' या नावाखाली दोन टॅब असतात, 'सिस्टिम' आणि 'युजर'. पहिल्यातली नावं मी मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. सरकारं आहेत, कंपन्या आहेत, बहुतेकांची नावं कधी ऐकलेलीही नाहीत. अँड्रॉइडवर यातलं एखादं नाव आपण बंद करू शकतो. आयफोनवर कंपनीने आधीपासून घातलेलं नाव एकेकटं बंद करायची सोय नाही.

आता जे कळल्यावर माझी झोप उडाली ते सांगतो. बँकेत प्रत्येक अधिकाऱ्याच्या सहीला मर्यादा असते. अमुक रकमेपर्यंत एकट्याची चालेल, त्यावर दुसरी सही लागेल. फोनच्या पुस्तकात साधारणपणे मर्यादाच नाही. पुस्तकात बसलेली कोणतीही संस्था जगातल्या कोणत्याही साइटच्या नावाने सही करू शकते आणि फोन ती मान्य करतो. हे नुसतं शक्यतेपुरतं नाही. २०११ साली डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत कोणीतरी घुसलं आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रं काढली. त्यातलं एक गूगलच्या सगळ्या पत्त्यांना चालेल असं होतं आणि ते इराणमधल्या लोकांचा पत्रव्यवहार वाचायला वापरलं गेलं. सही अस्सल होती. फक्त करणारा हात परका होता. ब्राउझरवाल्यांनी आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी ते नाव आपापल्या पुस्तकांतून खोडलं आणि संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

पुस्तक प्रत्येकाचं वेगळं असतं हेही लक्षात घ्यावं. जुलै २०१४मध्ये आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून (एनआयसी) गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ज्या मूळ सहीखाली ती निघाली होती ती विंडोजच्या पुस्तकात होती, त्यामुळे विंडोजवरचे कित्येक प्रोग्रॅम फसू शकले असते. अँड्रॉइड आणि आयफोनच्या पुस्तकात ती सहीच नव्हती, म्हणून फोनना त्याची झळ लागली नाही.

या फटक्यांनंतर बंदोबस्त वाढत गेला. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढवलेलं असलं पाहिजे असा आग्रह क्रोमने आणि ॲपलने २०१८ साली धरला. खोटं प्रमाणपत्र निघालं तरी ते निदान उघड्यावर दिसावं, हा हेतू. सप्टेंबर २०२०पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत ३९८ दिवसांवर आणली गेली, आणि मार्च २०२९पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर यायची आहे. मात्र हे दोन्ही नियम कंपनीने आधीपासून छापलेल्या सह्यांना लागू आहेत. मी आणि तुम्ही 'युजर'च्या पानावर चिकटवलेल्या सहीला ना नोंदवहीची सक्ती, ना मुदतीचा जाच. तुमच्या स्तंभाने जे बटण दाबायला सांगितलं त्याने हे सगळे पहारे ओलांडून एका अनोळखी सहीला थेट आत घेतलं जातं. याला आम्ही कुलमुखत्यारपत्र म्हणायचो, आणि तेसुद्धा न वाचता दिलेलं.

तो इशारा 'नेहमीचा' म्हणणं तर मला फारच खटकलं. अँड्रॉइड त्यात काय सांगतो ते एकदा वाचून बघावं. हे प्रमाणपत्र ज्याचं आहे त्याला तुम्ही बघत असलेल्या साइटवरचे पासवर्ड आणि कार्डाचे तपशील, माहिती कूटबद्ध असली तरीही, दिसू शकतात, असा त्याचा सरळ अर्थ आहे. फोन बनवणाऱ्यांनी इतक्या स्पष्ट शब्दांत स्वतःहून क्वचितच काही सांगितलं असेल. २०१३च्या अँड्रॉइड ४.४पासून असं प्रमाणपत्र बसवलं की 'नेटवर्कवर नजर ठेवली जात असू शकते' अशी सूचना यायला लागली. माझ्याही फोनवर ती येत होती आणि मी ती रोज सकाळी बाजूला सारत होतो.

२०१६च्या अँड्रॉइड ७ने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्या आवृत्तीसाठी किंवा त्यापुढच्यांसाठी बांधलेलं ॲप 'युजर'च्या पानाकडे बघतच नाही. ॲप लिहिणाऱ्याने मुद्दाम तशी परवानगी दिली असेल तरच बघतं. ब्राउझर मात्र बघतो. माझ्या बँकेचं ॲप रुसलं होतं ते यामुळे. मध्ये बसलेल्या यंत्राची सही त्याच्या पुस्तकात नव्हती, त्याने व्यवहार नाकारला. चांगला कॅशियर हेच करतो, आणि मी त्यालाच दोनदा नोकरीवरून काढून परत घेतलं होतं.

आयफोनवर २०१७च्या आयओएस १०.३पासून असं प्रमाणपत्र प्रोफाइलमधून (सेटिंग्जच्या तयार फाइलमधून) हाताने नुसतं बसवून भागत नाही. वेगळ्या पानावर जाऊन त्यावर पूर्ण विश्वास ठेवत असल्याचं बटण चालू करावं लागतं. अँड्रॉइड ११पासून एखाद्या ॲपला 'हे प्रमाणपत्र बसवू का' असं थेट विचारताही येत नाही, माणसाने स्वतः सेटिंग्जमध्ये चालत जायचं. वाट मुद्दाम खडबडीत केली आहे. तुमच्या स्तंभाने वाचकाला तीच वाट झाडून दिली.

एखाद्याला वाटेल, संस्थेच्या वाय-फायसाठी एवढा कशाला बाऊ. २०१९च्या जुलैत कझाकस्तानात मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांना सरकारी मूळ प्रमाणपत्र फोनवर बसवायला सांगितलं, नाहीतर साइट उघडणार नाहीत म्हणून. तिथेही 'फाइल उतरवा, बसवा' अशाच सूचना होत्या. ऑगस्टमध्ये गूगल, फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला आणि ॲपल यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये त्या एका प्रमाणपत्रावर बंदी घातली, म्हणजे लोकांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं असूनही ते चालेना. माझ्या त्या संस्थेच्या सहीवर अशी बंदी घालायला कोण येणार होतं?

फोन नोकरी देणाऱ्याचाच असेल, त्यावरचं कामही त्याचंच असेल, तर त्याने आपली सही पुस्तकात घालावी, त्याबद्दल तक्रार नाही. अँड्रॉइडवर कामाचं प्रोफाइल वेगळं करता येतं, आणि त्या प्रोफाइलचं सह्यांचं पुस्तकही वेगळं असतं. घरचा फोन आणि पाहुण्यासारखं वापरायचं वाय-फाय, ही गोष्ट निराळी.

आता किल्ल्यांबद्दल, म्हणजे फोन ज्यांनी माहिती बंद-खुली करतो आणि सही करतो त्या गुप्त आकड्यांबद्दल, कारण त्याच स्तंभात दुसऱ्या एका उत्तरात 'किल्ल्या चिपमध्ये असतात, काळजी नको' असं आश्वासन आहे. ते खरं आहे आणि तरी दिशाभूल करणारं आहे. २०१३ साली आयफोन ५एसमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा वेगळा कप्पा आला आणि त्याच वर्षी अँड्रॉइड ४.३ने ॲपच्या किल्ल्या हार्डवेअरच्या आधाराने ठेवण्याची सोय दिली. २०१८च्या अँड्रॉइड ९पासून ज्या फोनमध्ये स्वतंत्र सुरक्षा चिप असेल तिथे किल्ल्या तिच्यातच ठेवणारा स्ट्राँगबॉक्स आला. तत्त्व सगळीकडे एकच. किल्ली आत जन्मते आणि बाहेर येत नाही. ॲप किल्ली मागू शकत नाही, 'या मजकुरावर सही करून दे' एवढंच म्हणू शकतं.

आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, दोन अधिकाऱ्यांकडे, आणि डुप्लिकेट संच सीलबंद करून दुसऱ्या शाखेत. फोनला डुप्लिकेट संच नाही. आयफोनच्या चिपमध्ये कारखान्यातच एक २५६ बिटांची किल्ली रुजवलेली असते, तिची नोंद ॲपलकडेही नाही, आणि आपला पासकोड तिच्यात मिसळूनच पुढच्या किल्ल्या तयार होतात. त्यामुळे पासकोडचे अंदाज त्याच फोनवर बसून करावे लागतात आणि एका अंदाजाला सुमारे ८० मिलिसेकंद लागतील असं गणित बसवलेलं आहे. हिशेबाची खोड गेलेली नाही म्हणून मांडून पाहिलं. चार अंकांचे दहा हजार पर्याय तेरा-चौदा मिनिटांत संपतात, सहा अंकांचे दहा लाख बावीस तासांत. सहा जागी अंक आणि लहान इंग्रजी अक्षरं मिसळली तर साडेपाच वर्षं. चार अंक इतके तोकडे असूनही तरतात ते चुकीच्या प्रयत्नानंतर चिप वाढत जाणारी सक्तीची विश्रांती घ्यायला लावते म्हणून.

मागे मी फोनमध्ये पत्नीच्या बोटाचा ठसा नोंदवला तेव्हा बँकेच्या ॲपने लगेच ठसा नाकारला आणि पासवर्ड मागितला. तेव्हाही मी चिडलो होतो. (त्या ॲपने माझं फार ऐकून घेतलंय.) अँड्रॉइडवर ठशाला बांधलेली किल्ली नवा ठसा नोंदवला की कायमची रद्द होते, ॲप लिहिणाऱ्याने मुद्दाम तसं करू नये म्हटलं नसेल तर. स्क्रीन लॉकच काढून टाकलं तरी तेच. नवा फोन घेतल्यावर बँका नव्याने नोंदणी करायला लावतात त्याचंही कारण हेच आहे. जुन्या फोनमधली किल्ली हलत नाही.

किल्लीची व्यवस्था इतकी चोख आहे. पण मध्ये बसलेल्याला माझी किल्ली नकोच होती. नोटा मोजताना शेजारी बसून बघायला तिजोरीची किल्ली लागत नाही, आणि शेजारची खुर्ची मीच सरकवून दिली होती. किल्ली आणि सह्यांचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या भरवशावर दुसरीबद्दल निर्धास्त राहायला सांगणं चूक आहे.

जुन्या फोनबद्दलही दोन शब्द, कारण 'इशारा आला तरी पुढे जा' हा सल्ला तिथूनही पसरतो. माझ्याकडे अँड्रॉइड ६चा एक टॅब्लेट आहे, वाचनापुरता. २०२४मध्ये त्यावर एकेक साइट 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणायला लागली. आधी मी तारीख बघितली. बॅटरी पूर्ण उतरली की जुन्या यंत्रांची तारीख मागे जाते आणि मग त्यांना सगळीच प्रमाणपत्रं अवेळी वाटतात. तारीख बरोबर होती. पुस्तक जुनं होतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते आणि असंख्य साइट तीच वापरतात. तिची मूळ सही अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या पुस्तकांत नाही. २०२० साली त्या संस्थेनेच सांगितलं होतं की ३३.८ टक्के अँड्रॉइड यंत्रं ७.१च्या मागची आहेत. तोवर तिचं काम दुसऱ्या एका जुन्या सहीच्या आधारावर चालत असे, आणि त्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ला संपली. त्यात एक गंमत आहे. अँड्रॉइड पुस्तकातल्या मूळ सहीची मुदत बघतच नाही, हे हेरून, मुदत संपायच्या आधीच, त्या जुन्या सहीखाली तिच्या मुदतीनंतर आणखी तीन वर्षं चालेल असा जोडदाखला (जुन्या सहीने नव्या सहीला दिलेला दुजोरा) काढून ठेवला होता. तो ३० सप्टेंबर २०२४ला संपला. मुदत संपलेल्या अधिकाऱ्याच्या सहीवर तीन वर्षं पैसे दिले म्हटल्यावर माझ्या जुन्या साहेबांना भोवळ आली असती, पण कोट्यवधी फोन त्यावर चालले हेही खरं.

यावर उपाय 'पुढे जा' हा नाही. फायरफॉक्स ब्राउझर स्वतःचं पुस्तक बरोबर आणतो, त्यावर माझा टॅब्लेट अजून वाचतोय. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम न बदलता हे पुस्तक नवं करता येतं. हे आधीच व्हायला हवं होतं.

माझी विनंती एवढीच की, ते उत्तर मागे घेत असल्याचं त्याच जागी छापावं आणि सोबत या पायऱ्या द्याव्यात. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग सिक्युरिटी, त्यात 'एन्क्रिप्शन अँड क्रेडेन्शियल्स', त्यात 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स', आणि तिथे 'युजर' हा टॅब. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'क्रेडेन्शियल' लिहिलं तरी सापडतं. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट', आणि शिवाय जनरलमधल्या 'अबाउट'च्या तळाशी 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज'. तिथे कोणाचं नाव असेल आणि ते कोणी, कशासाठी घातलं हे सांगता येत नसेल, तर काढून टाकावं. काढल्याने फार तर एखादं वाय-फाय चालणार नाही.

मी माझ्या फोनमधलं नाव काढलं त्या दिवशी मदतकक्षातल्या मुलालाही हा टॅब दाखवला. त्याने स्वतःचा फोन काढून उघडला. त्यात दोन नावं होती. एक त्या संस्थेचं. दुसरं कुठून आलं, त्याला आठवेना.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी